भिंतीपलीकडच्या दोघी

हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी सांगणारच म्हणा, पोटात राहत नाही माझ्या. फक्त बिबवेवाडीत कुणाकडे बोलू नका, मला अजून इथेच राहायचंय.

आमच्या स्वयंपाकघराची आणि शेजारच्या अण्णांच्या बाथरूमची भिंत एकच. अण्णा म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारे. त्यांच्या बायकोला, सुमनला जाऊन आठ महिने झाले. सुमन माझी कोण होती ते कसं सांगू? पंधरा वर्षं आम्ही एकमेकींच्या घरात काय शिजतंय ते वासावरून ओळखलं. मला नुसतं ‘शोभा’ म्हणणारी सोसायटीत ती एकटीच. बाकी सगळ्यांची मी शोभाताई. अण्णांचीसुद्धा.

तर एका संध्याकाळी, देवापाशी दिवा लावायच्या वेळेला, भिंतीतून आवाज यायला लागला.

दोन बायका तोंड मिटून गुणगुणताहेत असा. एक जरा खालच्या सुरात, एक जरा वरच्या. मध्येच दोन्ही सूर एकमेकांच्या जवळ यायचे आणि मग आवाज लाटेसारखा फुगायचा, ओसरायचा, परत फुगायचा. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या थरथरायला लागल्या. मी हात ठेवला की गप्प, काढला की पुन्हा सुरू. दोन मिनिटांत सगळं शांत. निरांजनाची ज्योत मात्र सरळ उभी होती, म्हणजे वाराही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी काय केलं असेल, ते मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. पेला भिंतीला लावला आणि कान पेल्याला.

पलीकडून अण्णांचा आवाज आला. हळू, अगदी मायेचा. “सुमन, तू मागे पडतेयस. शोभा बघ किती पुढे गेली. गाठ तिला. हां. आता शोभाला बरोबर घेऊन चल.”

पेला हातातून पडला तो थेट माझ्या अंगठ्यावर.

तुम्हीच सांगा, अण्णांनी मला ताई लावल्याशिवाय कधी हाक मारली नाही. मग नुसतं ‘शोभा’ कोण म्हणत होतं? आणि मला बरोबर घेऊन कुठे चालले होते हे लोक?

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ताटातून मान वर न करता हे म्हणाले, “आठ महिने झाले, सुमनवहिनींना आता कुठे जरा शांतता मिळतेय. त्या तुला कशाला बोलावतील?”

पण मला कारण माहीत होतं. होळीला मी सुमनचं पुरणयंत्र आणलं होतं. परत देईन देईन म्हणता ती आजारी पडली, मग गेलीच. दिवस झाले, माणसं पांगली, यंत्र माझ्या कपाटात तसंच. सुमन नसलेल्या घरात ते कुणाच्या हातात द्यायचं, म्हणून राहिलं. कपाट उघडलं की ते माझ्याकडे बघायचं.

शुक्रवारी पेल्यातून ऐकू आलं, “रविवारी सकाळी दोघींना पाण्यात सोडतो. तोवर जुळवून घ्या.”

आता उरलं काय? मी आवराआवरीला लागले. डाळींच्या डब्यांवर ह्यांच्यासाठी नावं लिहून चिकटवली. सहा वर्षं अबोला असलेल्या नणंदेला फोन करून माफी मागितली. ती इतकी घाबरली की म्हणाली, “वहिनी, रिपोर्ट काय आलाय ते खरं सांग.”

शनिवारी ठरवलं, सुमनची वस्तू तिच्या घरात ठेवायची, ओटी भरायची आणि मोकळं व्हायचं. अण्णा रोज दिवेलागणीनंतर दूध आणायला खाली जातात. त्यांच्या घराची एक किल्ली पहिल्यापासून आमच्याकडे असते, आमची त्यांच्याकडे. पुरणयंत्रात खण, नारळ आणि तांदूळ घालून मी कुलूप उघडलं.

आत अंधार. दिवा लावायचा धीर झाला नाही. ओट्याशी खिळ्याला सुमनचं हात पुसायचं फडकं तसंच लटकत होतं, आणि घरभर यंत्राच्या तेलाचा वास. मी चाचपडत टेबलाशी गेले, ओटीचे तांदूळ मुठीत घेऊन पुरणयंत्र ठेवलं. खाली काहीतरी कटकन दबलं.

आणि बाथरूममध्ये त्या दोघी गुणगुणायला लागल्या.

रोज भिंतीआडून ऐकत होते, आज मध्ये भिंत नव्हती. पाय आपोआप तिकडे वळले, सवय वाईट. दारातून बघितलं तर मोठ्या टबातलं पाणी घुसळत होतं आणि पाण्यात काहीतरी लांबट, काळं, दोरीला हिसके देत होतं. बघता बघता ते सावकाश वळलं आणि त्याचं तोंड माझ्यासमोर आलं.

“सुमन, तुझं यंत्र आणलंय गं,” मी म्हटलं. “मला नको नेऊस. ह्यांना साधा कुकर लावता येत नाही.” आणि ओटीचे मूठभर तांदूळ त्या टबात फेकले.

करकर आवाज झाला. दोघी एकदम गप्प.

मागून कुणीतरी म्हणालं, “शोभाताई.”

मी बाथरूमच्या दारातच बसले. अण्णांनी दिवा लावला, दुधाची पिशवी ठेवली. टेबलावरच्या रिमोटवरून पुरणयंत्र उचललं आणि कांडी मागे ओढली. मग टबाकडे बघून म्हणाले, “दोघी एका वेळी सारख्या वागाव्यात म्हणून मी आठवडाभर खपतोय. तुम्ही एका मुठीत जमवलंत. दोघी एकदम बंद.”

टबात हातभर लांबीची बोट होती. खेळण्यातली म्हणायची नाही, अण्णांना राग येतो. तिला दोन मोटरी, दोन पंखे; डावी सुमन, उजवी शोभा. रिमोटची कांडी एकच, पण एकाच हुकमावर दोघी सारख्या फिरत नाहीत. एक जास्त पळाली की बोट गोल गोल फिरते. दोघींचा आवाज कानाने ऐकत ऐकत जुळवायचा असतो. तो लाटेसारखा फुगणारा आवाज थांबला की समजायचं, जुळलं.

“बोटीचा सांगाडा सुमन असतानाच झाला होता,” अण्णा म्हणाले. “पाण्यात कधी सोडताय, विचारायची. उद्या तळ्यावर नेणार होतो.” पंख्यांत अडकलेले माझे तांदूळ त्यांनी बोटाने हलवून बघितले. आठ महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा कुठे निघाला होता, आणि मी त्यात तांदूळ टाकले.

घरून सुई आणि जुना टूथब्रश आणला. दोघांनी बसून दाणा दाणा काढला. काढता काढता मी विचारलंच, “डावी मोटर सुमन, ते समजलं. उजवीला माझं नाव का?”

अण्णांनी मान वर केली नाही. “उजवीचा जोर जास्त. बोट सारखी डावीकडे तोंड घालते. तुमचं घर उजवीकडचं, आमचं डावीकडचं. दुसरं काय ठेवणार?”

रविवारी तळ्यावर मीही गेले. अण्णांनी उजवीचा जोर थोडा उतरवला, कांडी पुढे केली. दोन आवाज लाटेसारखे फुगले, जवळ आले आणि एक झाले. बोट सरळ रेघेत निघाली. माझ्या अंगावर काटा आला, आणि या वेळी भीतीने नाही. अण्णा पाण्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, एवढं मलाही कळतं.

थोड्या वेळाने मात्र राहवलं नाही. “अण्णा, त्या पलीकडच्या काठाला कोण बसलंय हो? बोट जरा तिकडे नेता का?”

“ह्या शोभाचं बरं आहे,” अण्णा बोटीवरची नजर न काढता म्हणाले. “हिचा जोर रिमोटवर कमी करता येतो.”