पाचवा प्रश्न

वहिनीच्या स्वयंपाकघरात फळीवरच्या कुकरमध्ये चिंच भरून ठेवलेली दिसली. मला हसू आलं.

"मग वरण कशात शिजवतेस?"

"पातेल्यात. ह्यांना शिटी सोसत नाही, वन्सं."

दादा फौजेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. माजी सैनिकांना मनाच्या आजारावर नीट उपचार मिळावेत म्हणून नवा कायदा आला, तेव्हा त्याचा अर्ज भरायला मी गेले होते. पाचवा प्रश्न होता: रुग्णाचे घरातील रोजचे व्यवहार सुरळीत आहेत का?

"हो लिहा की," वहिनी म्हणाली. "शांत असतात. फक्त मागून हाक मारायची नाही, दार आपटायचं नाही. दिवाळीत आम्ही दोघं शेतावर जाऊन राहतो."

मी पेन धरून बसले. ऑफिसात असे अर्ज मी रोज भराभर भरते. इथे 'हो' लिहिलं तर दादाचे उपचार गेले, आणि 'नाही' लिहिलं तर वहिनीची नऊ वर्षं खोटी ठरली. घर सुरळीत चाललंय हे खरंच. पण ते दादा बरा आहे म्हणून, की सगळं घरच त्याच्या आजाराच्या मापाचं झालंय म्हणून? प्रश्न काढणाऱ्यांना यातलं नेमकं काय हवं होतं, ते मला कळेना.

वहिनीबद्दल कुठे काही विचारलंय का, म्हणून पान उलटलं. तळाशी साक्षीदाराच्या सहीची जागा होती.

"तिथं मी करते सही," पदराला हात पुसत वहिनी म्हणाली. "वरचं काय ते तुम्ही ठरवा."