नानांच्या इंजिनाची शिटी

जळके ट्रान्झिस्टर आणि किस्से, दोन्ही आमच्याच्याने टाकवत नाहीत. साठतच जातात! त्यातले हे सगळे घाटकोपरचे, पंच्याऐंशीच्या आसपासचे, नानांच्या घरचे.

नाना म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर, माई त्यांची बायको. मी आणि सुरेश रेडिओ रिपेअरवाले. सुरेशच्या मेव्हण्याने दुबईहून खेळण्यातलं कोळशाचं इंजिन आणलं होतं, रुळांसकट. नाना म्हणाले, "यात माझ्या इंजिनाची शिटी बसवून द्या रे. माई माणसं विसरत चाललीय. मलाही ओळखत नाही. शिटी तरी ओळखेल." झालं, आमचे रविवार गेले!

पहिली भानगड दिव्याची. इंजिन थांबलं की करंट बंद, दिवा गुल. नाना भडकले. "थांबलं म्हणून काय आंधळं होतं का इंजिन?" दोन डायोड आणि एक सेल घालून दिवा पेटता ठेवला, तेव्हा कुठे चहा मिळाला.

*

मग आवाज. सुरेशने मनमाडला जाऊन कोळशाच्या इंजिनाच्या आवाजाची कॅसेट भरून आणली. बिस्किटाच्या डब्यात स्पीकर, टेबलाखाली डबा. भक् भक् भक्... एकदम झकास! नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हे इंजिन चढावर आहे. तुमचं टेबल सपाट आहे!"

आता परत मनमाडला कोण जाणार, यार? रुळांखाली टेलिफोन डिरेक्टरी सरकवली आणि घाट केला.

*

एकदा माझ्या हातून वायर चुकली. बटण दाबलं की शिटी वाजायची आणि दिवा क्षणभर विझायचा. नाना म्हणाले, "शिटी मारून डोळा मारतं! इंजिन आहे का कॉलेजचं कार्टं?"

हसून हसून वाट लागली. नानाही हसले. मग आत माईंच्या खोलीकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी सगळं जमलं. माईंना हाताला धरून बाहेर आणलं. नाना त्यांच्या समोर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. दिवा पेटला, इंजिन घाट चढलं. मी बटण दाबलं. शिटी वाजली.

माईंनी मान वर केली.

"ही ह्यांची शिटी न्हय," माई म्हणाल्या. "हे लांब मारतत, मगे दोनदा आखूड."

सुरेशने कपाळाला हात लावला. माईंनी नानांकडे नीट बघितलं.

"तुमी उठा बघू. ही ह्यांची खुर्ची. हे येतले आता."

नाना ताडकन उठले. डोळे पुसत आमच्याकडे वळले.

"ऐकलंत ना? वाट बघतेय माझी!"