बैल धरायचा म्हणून उतरवलेलं वजन

२०२४ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, तीही गुरुजी घरी येऊन धरून न्यायचे म्हणून. पण बैलातलं मला कुणी शिकवायचं नाही. चाकणच्या अलीकडं आमचं गाव. निम्म्या रानात आता कंपन्यांच्या शेडा उभ्या आहेत, तरी गोठ्यात शर्यतीचा बैल आहे आणि तो माझ्याच हातचं खातो.

चैत्रात गावच्या यात्रेला घाटात बैलगाडे पळतात. घाट म्हणजे चढाचा मोकळा पट्टा. खाली गाडा जुंपला की बैलाला समोरून धरून ठेवायचं, झेंडा पडला की सोडायचं आणि बाजूला उडी घ्यायची. माझा बैल दरवर्षी मीच धरत आलो.

संक्रांतीला जेवता जेवता मुलगा म्हणाला, "आबा, यंदा बैल धरायला तुमी न्हाई."

"का? मी मेलो काय?"

"मेला न्हाई, सुटलाय. तुमी उडी मारायचं ठरवाल तवर बैल वर जाऊन चारा खात बसंल."

आमची म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. मला मुलापेक्षा तिचाच राग जास्त आला.

सून तळवड्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बोलते कमी, पण बोलली की घरात तेच चालतं. ती म्हणाली, "आबा, भांडून काय होणार? यात्रेआधी वजन नव्वदच्या खाली आणा. मग ह्यांना गप्प करायचं काम माझं."

तिनं माझ्या मोबाईलवर एक ॲप टाकलं, मराठीत करून दिलं. किती चाललो ते आपसूक मोजायचं. खाल्लेलं आणि दर आठवड्याचं वजन मात्र आपण भरायचं. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, भाकरी केवढी? लहान, मध्यम की मोठी? म्हातारी चुलीपासनं ओरडली, "माझी भाकरी मोजायला आलाय व्हय त्यो? लिव्हा परातीएवढी!"

मी सकाळी सर्व्हिस रोडनं चालायला लागलो. पहिल्या शिफ्टच्या बसची वाट बघत थांबलेली पोरं म्हणायची, "आबा, कोणत्या कंपनीत लागलात?" मी म्हणायचो, "मालक आहे, राउंडला निघालोय." घरी आलो की मोबाईल शाब्बास म्हणायचा. मला घरात कुणी शाब्बास म्हटल्याला जमाना झाला होता. खोटं कशाला बोलू, त्या एका शब्दासाठी मी गावाला आणखी एक वळसा घालायचो.

आता वजनाचं. सुनेनं काचेचा काटा आणला होता. पायाखालच्या काचेवर माझा विश्वास नाही. मी बाजाराच्या दिवशी चाकणच्या कांदा मार्केटात जायचो. तिथला तोलणार माझ्या ओळखीचा.

"या आबा. कुठल्या गाडीतनं उतरला हा माल?"

"घरचा आहे. तोल."

मार्केटात कांद्याची पिशवी तोलली की बारदान वजा करतात. म्हणजे रिकाम्या पिशवीचं वजन मालात धरत नाहीत. मग माझं धोतर, जाकीट, पागोटं, नाल मारलेल्या वहाणा हे माझं वजन कसं? मी बारदानाचे तीन किलो वजा करायला लावले. ओला कांदा पुढं वाळून हलका होणार म्हणून त्याला वर घट धरतात, आणि मी तर तांब्याभर पाणी पिऊन आलेलो, म्हणून घटीचा अर्धा किलो आणखी. उरेल तो आकडा मी मोबाईलवर भरायचो.

यात्रा चार दिवसांवर आली आणि मी नव्वदच्या खाली गेलो. मोबाईलवर फुलं उडाली. मी ती सगळ्यांना दाखवली.

सून म्हणाली, "आबा, काट्यावर उभे राहता का जरा?"

उभा राहिलो. काचेनं नव्वदच्या वर दोन किलो दाखवले. मी तिला मार्केटचा हिशोब नीट समजावून सांगितला. बारदानापर्यंत ती मान डोलावत होती. हिशोब घटीपाशी आला आणि ती हसत हसत खालीच बसली.

मुलगा म्हणाला, "हीच घट व्यापाऱ्यानं धरली तर तुमी मार्केट डोक्यावर घेता!"

"म्हणून तर मला पाठ आहे."

"ते काय असंल ते. बैल मीच धरणार."

तोंड खाली घालायची आपली सवय नाही. म्हटलं, "उडी बघायची ना तुला? मग तूच बैल हो. ये अंगावर."

त्याला वाटलं गंमत. अंगणातच त्यानं मान खाली घातली, मी त्याचे खांदे धरले. सुनेनं झेंड्यासारखी ओढणी वर केली, खाली टाकली. मी सोडलं आणि बाजूला झालो. मुलगा सरळ जाऊन कडब्याच्या गंजीत घुसला. परत एकदा म्हणाला. परत कडब्यात. तिसऱ्या खेपेला गंजीला टेकून धापा टाकत उभा राहिला. मी उभा होतो, आणि बोलतही होतो.

सून म्हणाली, "दोन किलो माझ्याकडून माफ. बैल आबा धरतील."

यात्रेत बैल मी धरला. झेंडा पडला, सोडला, आणि मी बाजूला झालो तो दोन पायांवर. गाडा दुसऱ्या नंबरात आला. वरून मुलगा ओरडत खाली पळत आला आणि पहिलं मला चाचपून बघितलं, मग बैलाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं पांघरूण ओढलं, त्याचा मोबाईल सुनेच्या हातात दिला, आणि तिनं ते ॲप टाकेपर्यंत त्याला चहा मिळू दिला नाही.