बहिणीचं परदेशी नागरिकत्व

संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत माझी निवड झाली. चौकशीच्या फॉर्मवर परदेशी नागरिक असलेल्या नातेवाइकांचा रकाना होता. माझी थोरली बहीण कॅनडाची नागरिक झालेली. रकाना कोरा सोडावा, असं मनात आलं. वडील म्हणाले, "बहीण हाय ना तुझी? मग लिही."

मी लिहिलं. महिन्याभरानं वडगाव रासाईला आमच्या घरी चौकशीला पोलीस आले. बहिणीनं भारतीय पासपोर्ट परत केल्याची तारीखसुद्धा त्यांच्या कागदांत होती. मलाही ती ठाऊक नव्हती. भीमेकाठच्या गावातली एक मुलगी सरकारच्या इतकी ध्यानात असेल, हे पाहून मी थक्क झालो.

"लपवलं असतं, तर अवघड होतं," पोलीस म्हणाले.

पुढं मंजुरी आली आणि मी रुजू झालो.