मुलीच्या कंपनीचे शेअर

अमळनेरहून जळगावला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत अक्का माझ्या शेजारी बसायच्या. त्या एका शाळेत शिपाई होत्या. सव्वानऊला शेअर बाजार उघडला की पदराने मोबाइल पुसायच्या आणि एकच भाव बघायच्या. त्यांची मुलगी पुण्यात ज्या कंपनीत होती, तिचे पाच शेअर त्यांनी घेतले होते. भाव वाढून हिरवा आकडा दिसला की अहिराणीत म्हणायच्या, "आज पोर खुशीमा शे."

मी तेव्हा रोजच्या खरेदी-विक्रीत पगार बुडवत होतो, तरी सल्ला द्यायला पुढे. एकदा तो शेअर सपाटून पडला. मी म्हणालो, "अक्का, विकून टाका. अजून पडेल."

त्यांनी आधी मुलीला फोन लावला. "तठे बठ्ठं ठीक शे ना?" तिथे सगळं ठीक आहे कळल्यावर माझ्यासमोरच आणखी एक शेअर घेतला. "मनी पोर तठे शे, भाऊ. मी कशी इकू?"

पुढे भाव दुप्पट झाला, तेव्हाही त्यांनी विकले नाहीत.

मग पोळ्यानंतर एका सकाळी त्यांनी सहाही शेअर विकले. पैसे चांगले मिळाले, पण चेहरा उतरलेला होता. मुलगी नोकरी बदलून जर्मनीला गेली होती. मोबाइल माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "तिनी नवी कंपनी आठे सापडस का, भाऊ?"

मी नाव टाकून पाहिलं. ती कंपनी आपल्या बाजारात नव्हती. तसं सांगितल्यावर त्या "बरं" म्हणाल्या आणि जळगाव येईपर्यंत मोबाइल हातातच धरून बसल्या.