विमलची वळख कोन देनार

ट्रॅक्टर गोदामाच्या दाराला उलटा लावलेला व्हता आन् विमलच्या हळदीचे कट्टे त्यात चढून राहिले व्हते. विमलला ते ठाऊकच नव्हतं. ती हळद पॉलिश करायच्या ड्रमावर मजुरीला आलती. आपल्या कट्ट्याची लाल सुतळीची शिलाई तिनं लांबून वळखली आन् जागीच थांबली.

"आक्का, माझे कट्टे कुठं चालले?"

मी हमालाला म्हनलं, थांब जरा.

तिचा दीर दिगंबर ट्रॅक्टरला टेकून उभा व्हता. त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "पास पाहा. हिरवा हाय का न्हाई?"

हिरवाच व्हता. माल सोडनार विमल, माल नेनार दिगंबर. माझ्या टॅबवर बी तेच.

मी कुरुंद्याला बायकांच्या हळद कंपनीत गोदामाची किल्ली सांभाळते. मला सगळे आक्का म्हनतात. शिक्षन चौथी. आर्धं आयुष्य दुसऱ्याची हळद शिजवन्यात गेलं, घरधनी लवकर गेले, मंग ही नोकरी भेटली. सभासद बाई आपली हळद गोदामात ठेवती. न्यायची असली की मोबाइलवरून पास काढती. टॅबवर हिरवं दिसलं की माल सोडायचा, लाल दिसलं की न्हाई. एवढंच माझं काम.

"विमल, तू पास काढला का?"

"आक्का, माझ्याजवळ मोबाइल कुठं हाय?"

तिथंच सगळं कळलं. विमलचा नवरा वारल्यावर कंपनीत तिच्या नावापुढं दिराचा नंबर लिहिलेला व्हता. घरात तेवढाच मोबाइल. पास काढताना मोबाइलवर आकडा येतो, ओटीपी म्हनतात त्याला. तो आकडा टाकला की मशीनला वाटतं विमलच आली. आन् आकडा येत व्हता दिगंबरच्या खिशात.

"घर एक, मोबाइल एक," दिगंबर म्हनला. "तुमाला काय तकलीफ हाय?"

"चूल तर तुमीच येगळी करून देली, भाऊजी," विमल म्हनली. हळूच म्हनली, पन हमालांना ऐकू गेलं. हमाल हसले.

मी म्हनलं, कट्टे उतरवा.

"कोन्या अधिकारानं?"

मी हमालांना हात केला. कट्टे आत गेल्यावर शटर वढलं आन् त्याच्यापुढं स्टूल टाकून बसले.

विमलच्या नावावर दुनियेत तेवढे कट्टेच व्हते. वाटनीला आलेलं रान, कागदावर अजून दिराचंच, तिनं एकटीनं केलं. पोरीला नर्सिंगला घालायचं ते त्याच हळदीवर. ते गेले असते तर पुढच्या साली ती दिराच्या रानात मजूर, आन् पोरगी बी तिच्यासंगं.

मॅनेजर साहेब आले. मानूस वाईट न्हाई, पन कागदाचा हाय.

"आक्का, स्क्रीन हो म्हणते आणि तुम्ही नाही म्हणता. असं कसं चालेल?"

"ती समोर उभी व्हती साहेब."

"समोर उभं राहणं सिस्टीममध्ये येत नाही." थोडा इचार करून म्हनले, "नवी सिस्टीम बसवून राहिलोत. ती चालू होईपर्यंत माल अडवतो. त्या दिवशी विमलबाईनं स्वतः आत येऊन पास रद्द केला तर केला. नाही केला तर पास चालू."

"दोघांना बी मंजूर?"

दिगंबरनं मान हालवली. तो हसत व्हता. मोबाइलबिगर विमल सिस्टीमच्या आत येनारच न्हाई, हे त्यानं धरून ठेवलतं.

नवी सिस्टीम बांधायला आली ती शीतल. डोंगरकड्याची पोरगी, पुन्याच्या कंपनीचं काम घरी बसून करती. आली तशी म्हनली, "जय भीम, आक्का. चहा असेल तर आधी चहा."

आमच्या कंपनीत चार ॲप व्हते. वजनाचं, गोदामाचं, भावाचं आन् पैशाचं. चौघांनी बनवलेले, चौघांचे चार पासवर्ड. बायकांच्या काही ध्यानात राहीना, म्हनून आमी ते कुकरशेडच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलते. कोनाचा कोनता ते कळावं म्हनून नावासकट. शीतल त्या भिंतीपुढं लई वेळ उभी राहिली.

"हे कुणी लिहिलं?"

"सांगतलं मी, लिहिलं रखमाबाईनं. पान्यानं पुसू नये म्हनून आतल्या भिंतीवर."

"छान," शीतल म्हनली. "अक्षर चांगलं आहे."

मंग तिनं मला आपलं काम समजून सांगतलं. म्हनली, "हे कंपाउंड पाहा. आत कुकरशेड, काटा, पॉलिश, गोदाम. कंपाउंड नसतं तर चारी ठिकाणी इचारावं लागलं असतं, तू कोण. आता गेटवर एकदा इचारतात. गेटवाला आत सांगतो, ही विमल आहे, आन् आतले त्याचं ऐकतात. चारी ॲप मी हात न लावता तसेच ठेवते. त्यांच्या पुढं एक गेट बांधते. त्याला प्रॉक्सी म्हणतात."

"आन् ते सेशन सेशन म्हनतात ते?"

"गेटवर दिलेला बिल्ला. बिल्ला आहे तोवर आत. बाहेर निघाली की बिल्ला परत घ्यायचा. लई वेळ नुसती बसून राहिली तर बिल्ला आपोआप बाद."

मी इचार केला. म्हनलं, "पहिले दिगंबरला चार दारं उघडावी लागत व्हती. आता एकातच काम होईल की."

"तेच तर," ती म्हनली. "गेट बांधणं अवघड नाही, आक्का. गेटवर माणूस कसं ओळखायचं, ते अवघड आहे."

पहिले अंगठ्याचं मशीन आनलं. ते आर्ध्या बायकांना वळखीना. हळद शिजवू शिजवू, वाळलेली चोळू चोळू आमच्या बोटाच्या रेघा गेल्यात. मला तर रेशनवाला बी दर वेळी बोट पदराला पुसायला लावतो. मशीन दोन दिसात परत गेलं.

मंग मोबाइलचा आकडा. शीतलनं एकेकीला बसवून इचारलं, हा नंबर कोणाचा. कोनाच्या नवऱ्याचा, कोनाच्या पोराचा. एकीचं पोरगं पुन्याला कंपनीत, कामावर मोबाइल बाहीर ठेवावा लागतो. त्याची सुट्टी होईस्तोवर ही माय कट्ट्यावर बसून राहिली. शीतलनं ते पाहिलं आन् मोबाइलचा आकडा काढूनच टाकला.

मंग पिन ठरला. आकडा ज्याचा त्यानं ध्यानात ठेवायचा, भिंतीवर लिहायचा न्हाई. तो बायकांना जमला. पन बिल्ला लवकर बाद होऊ लागला. हात हळदीनं माखलेले. ते धुवून, पुसून बाई टॅबपाशी येईस्तोवर गेट परत इचारायचं, तू कोन.

"शीतल, तुझं गेट सासूवानी हाय ग," रखमाबाई म्हनली. "मोरीत जाऊन आलं तरी इचारतंय कुठं गेलती."

मी म्हनलं, दिवसभर उघडं ठेव. शीतलनं ऐकलं न्हाई. एकाच टॅबवर पंधरा बाया येतात, पहिलीचा बिल्ला तसाच राहिला तर दुसरीची हळद पहिलीच्या नावावर चढंल, असं म्हनली. मंग तिनं येगळंच केलं. वजन पाहायला, भाव पाहायला बिल्ला जरा लांबवला. माल सोडायचा किंवा अडवायचा असला तर मात्र दर वेळी नव्यानं पिन. ते मला बी पटलं.

साहेबांनी तवर विमलच्या नावापुढून दिगंबरचा नंबर काढून टाकलता. तरी दिगंबर चौकात सांगत फिरायचा, विमलचे कट्टे मला अजून मोबाइलवर दिसतात. खरंच दिसत व्हते. शीतल म्हनली, "कुलूप बदललं, पण आत बसलेल्याला कुणी उठवलंच नाही." जुन्या ॲपमधी आत बसलेला बसूनच राहायचा. नव्या गेटमधी सगळे बिल्ले एकाच ठिकानी. गेट चालू व्हायच्या दिवशी सगळ्यांचे बिल्ले बाद, ज्यानं त्यानं नव्यानं यायचं.

राहिली एकच गोष्ट. पहिल्यांदा पिन द्यायचा कोनाला? ही बाई तीच हाय, हे मशीननं कसं मानायचं? शीतलनं नेम केला. बाईनं स्वतः समोर यायचं, आन् पिन भेटलेल्या दोन सभासद बायांनी आपापला पिन टाकून सांगायचं, हीच ती. पहिल्या दोघींची वळख सभेत सगळ्यांपुढं झाली. गोदामवालीनं वळख द्यायची न्हाई, कारन किल्ली तिच्याजवळ.

मी म्हनलं, बराबर हाय. म्हनून झाल्यावर ध्यानात आलं, मंग विमलला मी चालनार न्हाई.

रखमाबाई लगेच तयार झाली. ती सभासद हाय, पन तिला रान न्हाई, हळद न्हाई, दुसऱ्याची निवडायला येती. तिला कोनाची भीती? दुसरी बाई पायजे व्हती. दुसरी कोनी येईना.

कारन कुकर. आमच्या भागात हळद शिजवायचा कुकर एकच, तो दिगंबरचा; कंपनीच्या शेडमधी बी तोच भाड्यानं लागतो. सगळ्यांच्या काढलेल्या हळदीचे ढीग रानात पडलेले. दिगंबरनं कोनाला धमकी देली न्हाई. नुसता चौकात म्हनला, "कुकर जरा बिघडलाय. कोनाचा नंबर कवा लागंल, सांगता येत न्हाई."

मी घरोघर गेले. एकीनं पाव्हने आलेत म्हनलं. एकीनं गुडघा दाखवला. एकीनं खरं सांगतलं, "आक्का, माझी हळद सडली तर तू भरून देनार का?"  ती खोटं बोलत नव्हती.

विमल कोनाच्या दारात गेली न्हाई. मी काहून म्हनून इचारलं. "त्या न्हाई म्हनतील. मंग उद्या ड्रमावर त्यांच्याच शेजारी उभं राहायचं हाय मला," ती म्हनली.

शेवटी मी शीतलला म्हनलं, "तुझ्या हातात सगळं हाय. एक बटन दाब आन् विमलला आत घे. ती विमल हाय हे तुला बी ठाऊक हाय."

शीतलनं लॅपटॉप मिटला. "घेता येतं, आक्का. पण आज मी विमलताईला माझ्या मनानं घेतलं, तर उद्या कुणीतरी म्हणेल, दिगंबरला घे. तेव्हा मी काय सांगू?"

 पोरगी बराबर बोलत व्हती, आन् तिला बी ते बोलताना गोड लागलं नव्हतं.

गेट चालू व्हायचा दिवस आला. दिगंबरचा ट्रॅक्टर सकाळीच दाराला लागला. शीतल काट्याजवळ टेबल टाकून बसली, साहेब बाजूला. एकेक बाई यायची, तिच्या दोघी साक्षीला, पिन घ्यायची आन् कामाला जायची. विमल ओट्यावर बसून व्हती.

रखमाबाईनं आपला पिन टाकला. स्क्रीनवर दोन गोल व्हते. एक हिरवा झाला, एक रिकामा राहिला. सगळ्या बाया कट्टे मोजू लागल्या, सुतळी गुंडाळू लागल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "दुपारपर्यंत वाट पाहू," म्हनले.

दिगंबर ट्रॅक्टरला टेकून उभा व्हता. 

तवा कुकरशेडकडून सुनंदा आली. सुनंदा म्हंजे दिगंबरची बायको, विमलची जाऊ. ती बी सभासद, तिचा पिन सकाळीच झालता. डोक्यावर पदर, हात कोपरापर्यंत पिवळे. नवऱ्याकडं तिनं पाहिलं न्हाई.

"कुठं दाबायचं?" तिनं शीतलला इचारलं.

"सुनंदा," दिगंबर म्हनला, "घरी चल."

"येते. तुमी व्हा पुढं."

शीतलनं स्क्रीनवरचं वाचून दाखवलं, "ही विमलच आहे, असं तुम्ही सांगता का?"

"हिनं माझी दोन बाळंतपनं काढली," सुनंदा म्हनली. "हिला वळखत न्हाई म्हनू तर मंग कोनाला वळखते म्हनू?" तिनं हात पदराला पुसले आन् पिन टाकला. टॅबला पिवळा डाग पडला. दुसरा गोल हिरवा झाला.

विमल उठली. शीतल म्हनली, पिन टाका, कुणाला दाखवू नका. विमलनं आमाला सगळ्यांना तोंडं फिरवायला लावली. मला बी. मंग पास उघडला आन् रद्द दाबलं. गेटनं परत पिन इचारला.

"आत्ताच तर सांगतलं याला," विमल म्हनली.

"मालाचं काम आहे, ताई. दर वेळी विचारणार."

विमलनं परत टाकला. माझ्या टॅबवर हिरवं व्हतं ते लाल झालं. लाल दिसलं की माल सोडायचा न्हाई, एवढंच माझं काम. मी हमालाला शटर खाली घ्यायला सांगतलं. दिगंबरनं ट्रॅक्टर चालू केला आन् रिकामा घेऊन गेला.

त्याच्यापुढं सगळं सोपं झालं असं न्हाई. कुकर खरंच बिघडला, आन् चांगले दिवस बिघडून राहिला. साहेबांनी डोंगरकड्याहून दुसरा आनवला, पन तो उशिरा आला. काही बायांची हळद काळी पडली, भाव कमी लागला. त्यातल्या एकीनं विमलशी बोलनं टाकलं. सुनंदाच्या घरात तर नवराबायकोचं बोलनंच बंद झालं. मी तिला इचारलं, कसं चाललंय. "कान थंड हायेत," ती म्हनली.

विमलनं आपले कट्टे आपल्या मनानं हिंगोलीच्या बाजारात नेऊन इकले. पोरगी नर्सिंगला गेली.

गेट चांगलं चाललं. भिंतीवर चुना मारला, तरी वल आली की खालचा कोळसा दिसतो. मला एवढंच कळलं, की गेट इचारायचं काम चोख करतं, पन ही कोन म्हनून सांगायला बाईच यावी लागती, आन् तिला ते महागात पडतं. गेटवर मानूस वळखनं अवघड, हे शीतलनं पहिल्याच दिवशी सांगतलं व्हतं.

हळदीचा मोसम सरल्यावर सुनंदा टेबलापाशी आली. पिन इसरला तर नवा पिन ज्या नंबरावर येतो, तो तिचा बी दिगंबरचाच व्हता. तिनं ब्लाउजमधून नवं सिम काढलं. म्हनली, नंबर बदलायचा हाय.

गेटनं दोन बाया मागितल्या. रखमाबाई व्हतीच. विमल ड्रमावरून हात पुसत आली.