बाळारामभाऊंचं अष्टमीचं पाणी

"घड्याल भिंतीला कशाला टांगलाय? पालीला बसाया?"

शेजारच्या शालनचं हे वाक्य मी ऐकलं तेव्हा आम्हाला गिरगाव सोडून खाडीकाठच्या मुर्ध्याला येऊन आठवडाही झाला नव्हता. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांचं अंगण यांच्यात एक शेवग्याचं झाड तेवढं आडवं. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं. आणि मी तसं म्हटलंही नव्हतं.

भांडण शालनच्या भाच्याच्या लग्नाचं होतं. तिचे यजमान, बाळारामभाऊ, भरती बघून घरातून निघाले आणि नायगावला पोचेपर्यंत पंगत उठली होती.

"घड्याल चुकतंय," भाऊ म्हणाले. "पानी न्हाय चुकत."

"मंग पान्याशीच लगीन करायचा व्हता!"

तसं ते झालंच होतं म्हणा. भाऊंनी तीस वर्षं मिठागराची उघाडी सांभाळली. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं लाकडी दार. तिथी सांगा, भाऊ बोटांच्या पेरांवर मोजून भरती कधी, ओहोटी कधी, पाणी किती चढेल ते सांगायचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी अगदी मऊ. होडीवाले विचारायला यायचे. पाण्याबाबत ह्या माणसानं 'माहीत नाही' म्हटलेलं शालननेसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

एक्याण्णव सालचा श्रावण. त्यांच्या मुलानं, भावेशनं, मित्राचा टेंपो मागून आणला आणि रविवारी सगळ्यांना चेण्याच्या पुढच्या रानात न्यायचं ठरवलं. भावेश, त्याची सहा वर्षांची विनिता, भाऊ, शालन, आणि शेजारधर्म म्हणून मी. भावेशच्या बायकोला दिवस गेलेले, म्हणून ती घरीच राहिली. टेंपो रस्त्यावर ठेवून आम्ही दरीत शिरलो. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यावर साग नि ऐन, मधून काळ्या दगडांवरून वहाळ. ऊन पानांतून गाळून खाली यायचं. विनिता पुढे पळायची आणि तिला हाक मारता मारता शालनचा घसा बसला. माझे गुडघे मला शिव्या देत होते, पण डोळे खूश होते.

बाराच्या सुमाराला वहाळाच्या मधल्या सपाट कातळावर मी माझं जुनं लुगडं अंथरलं. भोवती पाणी जेमतेम घोट्याएवढं. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं. श्रावण असल्यामुळे सुकट नाही, हे भाऊंचं दुःख दर घासाला ऐकावं लागलं.

रानभाजी खुडणारी एक बाई काठावर थांबली. "पान्यात बसू नका. वर डोंगराला ढग हाय."

आमच्या डोक्यावर तर लख्ख ऊन. भाऊ हसले. पेरं मोजली. "बाय, आज आठम. भांगाचा पानी. आता तर पुरी ओहोटी हाय. घोट्याच्या वर न्हाय यायचा."

बाई खुडलेली भाजी पदरात बांधून चढावर निघून गेली. मला भाऊंचं पटलं. वहाळ खाडीला मिळतो, मग तो खाडीच्याच हुकमात असणार, असं माझ्या चौथी शिकलेल्या डोक्याला वाटलं. डोंगराच्या वहाळाला भरती-ओहोटीचा हिशेब लावला तरी आम्ही कुणीच हसलो नाही, ह्याचं मला आजही हसू येत नाही.

जेवण उरकलं. शालन, भावेश आणि मी सामान घेऊन काठावर आलो. लुगडं घडी करून माझ्या काखेत. भाऊ कातळावर आडवे झाले होते. विनिता त्यांच्याजवळ डबा विसळत होती.

आधी पाण्यावरून पाला आला. मग पाणी चहासारखं झालं. भाऊ उठून बसले आणि खालच्या बाजूला बघायला लागले. जन्मभर पाणी ज्या बाजूनं आलं, त्याच बाजूला. तिकडे काहीच नव्हतं. पाणी त्यांच्या पाठीमागून येत होतं.

"पाठशी बघा! पाठशी!" शालन किंचाळली.

मी तसला आवाज परत ऐकला नाही. दगडाची गाडी ओतावी तसा. भाऊ वळले तेव्हा विनिताचे पाय सुटले होते. त्यांनी झेप घेऊन तिचा फ्रॉक धरला आणि दुसऱ्या हातानं काठावरच्या उंबराचं मूळ. भावेशनं माझ्या काखेतलं लुगडं ओढून एक टोक फेकलं. भाऊंनी मूळ कोपरात अडकवून ते आधी पोरीच्या कमरेला गुंडाळलं. ती वर आली, मग ते.

नऊवारी इतकं लांब का असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

भाऊ काठावर बसले होते. विनिता ओक्साबोक्शी रडत होती. ते म्हणत होते, "पानी पाठशी आला. शालन, पाठशी आला गो." शालननं पदरानं त्यांचं डोकं पुसायला घेतलं.

जीव वाचला, पण पोर गेली. म्हणजे आजोबांपासून गेली. त्यांनी हात पुढे केला की ती आजीच्या पदराआड. "आजोबा खोटं सांगतात," असं ती अंगणात सगळ्यांदेखत म्हणाली. भाऊंचा चेहरा मी खिडकीतून बघितला आणि शेगडी बंद करायची विसरले.

ते दोन महिने कुणाला भरती सांगेनात. मग दिवाळीच्या आधी एका सकाळी ते विनिताच्या समोर जमिनीवर बसले.

"माजा चुकला, विनू. मी खारा पानी वलखतंय. गोडा न्हाय वलखत."

"मग ते पाणी कुठून आलं होतं?"

"मना म्हाईत न्हाय."

शालनच्या हातातलं सूप पडलं. "पस्तीस वर्सांत ह्यो शबूद माज्याशी न्हाय बोलला!"

विनितानं शाळेची पिशवी त्यांच्या हातात दिली.

तेव्हापासून तिला पोचवायचं काम त्यांचंच झालं. वाटेत तिनं शंभर प्रश्न विचारावेत आणि भाऊंनी त्यातल्या नव्वदांना 'म्हाईत न्हाय, विचारू कुनाला तरी' म्हणावं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत भाऊ दुपारी झोपले ते उठले नाहीत. त्या दिवशीही सकाळी ते रोजच्यासारखे तिला घेऊन निघाले होते. केबिन रोडवरच्या शिकवणीच्या क्लासच्या जिन्याशी तिला सोडलं, ती वर जाईपर्यंत उभे राहिले, येताना शालनला अळूची जुडी आणली आणि खिडकीतून मला विचारलं, "वयनी, तुमाला व्हवी काय अर्धी?"